चालू लॅपटॉप उचलला तर बिघडतो का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



आज खरं तर कर्जफेडीवर बोलायचं होतं. पण मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाला भेट दिली, तिथलं आधी सांगते. लॅपटॉप ग्रामसंघाचा, पण तो असतो एका पदाधिकारी ताईंच्या घरी आणि चालवतो त्यांचा मुलगा. लिपिका ताई शेजारी वही घेऊन बसलेल्या. उन्हाची तिरीप पडद्यावर येत होती म्हणून त्यांनी लॅपटॉप जरा फिरवायला हात पुढे केला, तर मुलगा म्हणाला, "काकू, हात नका लावू, चालू शे. हलवला तर आतली डिस्क जाते." ताईंनी हात मागे घेतला. आणि या ताईंनी एमएस-सीआयटी केलेलं आहे बरं का!

मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याचं अर्धं खरं होतं. पण त्या अर्ध्या खऱ्यापायी आपली बाई लॅपटॉपपासून लांब बसली. म्हणून आज पूर्ण सांगते.

लॅपटॉपमध्ये आपली माहिती जिथे साठते ती जागा दोन प्रकारची असते. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्या आत गुळगुळीत चकचकीत तबकडी असते, ती जात्यासारखी गरगर फिरते. बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९०. तबकडी जेमतेम अडीच इंचाची, पण तिची कड ताशी साधारण ६५ किलोमीटरने धावते. आपली धुळ्याची बस हायवेला लागल्यावर धावते तशी. या तबकडीवर एक बारीक दांडी पुढे-मागे सरकते आणि तिच्या टोकाला लिहिणारा-वाचणारा भाग असतो. त्याला हेड म्हणतात. हे हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधली फट आपल्या डोक्याच्या केसापेक्षा हजारो पटींनी कमी. आता एवढ्या जवळून तरंगणारं हेड जोराच्या हिसक्याने तबकडीवर आपटलं तर तिथे ओरखडा पडतो. त्या जागेवर जे लिहिलेलं होतं ते गेलं. वर त्या ओरखड्याचा भुगा आत फिरत राहतो आणि आणखी ओरखडे पाडतो.

मग हलवायचाच नाही का? तुम्ही डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून घरी येता. चालल्याने हंडा पडत नाही. ठेच लागली की पडतो. हार्ड डिस्कचंही तसंच आहे. लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून हळू उचलला, सतरंजीवरून टेबलावर ठेवला, पडदा दिसत नाही म्हणून फिरवला, याने काही होत नाही. बनवणाऱ्यांना माहीतच असतं की ही वस्तू लोक उचलणार. वाईट आहे तो झटका. टेबलावर दण्णकन ठेवणं, एका बाजूने उचलून सोडून देणं, पोराच्या पायात वायर अडकून खाली पडणं. चालू असताना हार्ड डिस्क जेवढा धक्का सोसते, त्याच्या दुपटीहून जास्त धक्का ती बंद असताना सोसते. कारण बंद झाली की हेड तबकडीवरून बाजूला जाऊन आपल्या जागी बसतं. वीज एकदम गेली तरी फिरणाऱ्या तबकडीच्याच जोरावर ते जागेवर जातं, एवढी सोय आत केलेली आहे. (म्हणून लाईट गेल्याने डिस्क फुटत नाही. बॅटरी उतरलेली असेल तर अर्धवट लिहिलेली फाईल मात्र बिघडू शकते.) २००३ पासून तर आयबीएम कंपनीने काही लॅपटॉपमध्ये धक्का ओळखणारा सेन्सर बसवला. लॅपटॉप पडतोय असं वाटलं की हेड आधीच बाजूला घ्यायचं. म्हणजे भीती अगदीच पोकळ नाही.

गंमत म्हणून सांगते, १९५६ साली याच कंपनीने पहिली हार्ड डिस्क काढली तेव्हा तिच्यात दोन-दोन फुटांच्या ५० तबकड्या होत्या आणि वजन एका टनाच्या आसपास. माहिती मावायची फक्त ५ एमबी. आपल्या मोबाइलमधले एक-दोन फोटो! ती उचलायचा प्रश्नच नव्हता.

आता माझी चूक सांगते. हसू नका.

नोकरीला लागून चार महिने झाले होते. पारोळा तालुक्यातल्या एका गावात गटांच्या बँक कर्जप्रकरणाची यादी भरत होते. अर्धी झाली आणि दुसऱ्या गावाहून फोन आला. लॅपटॉप जुना, बंद करून पुन्हा चालू करायला दहा मिनिटं लागायची. मी झाकण मिटलं, तो झोपतो की नाही ते बघितलं नाही, तसाच पिशवीत टाकला आणि गाडीवर निघाले. रस्ता कसा होता ते तुम्हाला माहीत आहे. पोहोचले तेव्हा पिशवी तव्यासारखी तापली होती. म्हणजे तो पूर्ण वेळ चालूच होता. झाकण उघडलं तर आतून कट-कट, कट-कट आवाज. मी घाबरून चार वेळा बंद-चालू केला. तेही चुकलंच. असा आवाज आला की ताबडतोब बंद करायचा आणि जाणकाराकडे न्यायचा, कारण प्रत्येक वेळी चालू केला की ओरखडा वाढतो. डिस्क गेली ती गेलीच. गाडीच्या हिसक्यांनी गेली की म्हातारी होती म्हणून, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. दोन्ही असेल. अकरा गटांची यादी गेली एवढं खरं.

ती परत कशी आली? तिथल्या लिपिका ताईंच्या वहीतून. बचत, अंतर्गत कर्ज, हजेरी, सगळं तारखेवार लिहिलेलं होतं. दोन दिवस त्या वाचत होत्या आणि मी टाइप करत होते. बँकेची तारीख चुकली नाही. तेव्हापासून कोणी "लॅपटॉप आला, आता वही कशाला" म्हणालं की मला राग येतो.

दुसरा प्रकार एसएसडीचा. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा हीच असते. तिच्यात तबकडी नाही, फिरणारं काहीच नाही, मोबाइलसारखी सगळी चिप. म्हणून मोबाइल हातातून पडतो, काच तडकते, पण फोटो शाबूत राहतात. एसएसडीचा लॅपटॉप चालू असताना या खोलीतून त्या खोलीत खुशाल न्या. पडला तर पडदा आणि बिजागरी मोडेल, ते वेगळं.

आपल्याकडे कोणता आहे ते कसं कळेल? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर गेलात की डिस्कच्या खाली एचडीडी किंवा एसएसडी लिहिलेलं दिसतं. विंडोज जुनं असेल तर ते दिसणार नाही. मग मला सांगा, आपण मिळून बघू. एचडीडी निघाली तर घाबरू नका. घरात हळू उचला, पण रिक्षात, बसमध्ये, गाडीवर नेताना शट डाउन करूनच. नुसतं झाकण मिटणं पुरत नाही, कारण पिशवीत तो कधी कधी आपोआप जागा होतो. पंखा थांबला, दिवे विझले की मगच पिशवीत. आणि एसएसडी असली तरी प्रवासात बंदच करा. आपल्या जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, बंद पिशवीत चालू लॅपटॉप म्हणजे चुलीवर ठेवल्यासारखंच.

सभा झाली की त्या दिवसाची फाईल पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवू नका, सचिव ताईंच्या कपाटात ठेवा. पिशवी हरवली तर दोन्ही जातील.

त्या ग्रामसंघाचं राहिलं. तिथे आम्ही त्या दिवशीच तीन बटणं दाबून बघितलं. एसएसडी निघाली. लिपिका ताईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, तिरीप चुकवून ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "सरक रे भाऊ, आता मी भरते."

पुढच्या सभेला प्रत्येक ग्रामसंघाने आपला लॅपटॉप आणावा, आपण सगळ्यांचे तपासू. आणताना बंद करून आणा.