काठीचे टोक आणि चेंडूची वाट



इतिहास आणि वेदान्त ह्यांच्या पंगतीत बिलियर्डच्या काठीला पाट कशाला मांडला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु ह्या खेळांशी आपले नाते जुने आहे. स्नूकर १८७५ च्या सुमारास जबलपुरास इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांत जन्माला आला. आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स ह्यांनी १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्डचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले. आज मी बोलणार आहे ते पूल ह्या त्याच कुळातील खेळाच्या काठीविषयी, आणि तेही तिच्या पुढल्या निमुळत्या भागाविषयी. त्याला शाफ्ट म्हणतात.

काठीच्या टोकाला चामड्याची टिप बसविण्याचे श्रेय मँगो ह्या फ्रेंच कप्तानाला दिले जाते. टिप आली, तिला खडू लागला, आणि चेंडूला मध्यभागी न मारता बाजूला मारून फिरकी देणे शक्य झाले. टिप आणि खडू नसते तर टोक चेंडूवरून घसरलेच असते.

परंतु फिरकीबरोबर एक अडचण आली. पांढऱ्या चेंडूला उजव्या बाजूस मारले, तर तो काठीच्या रोखाने सरळ जात नाही. किंचित डावीकडे सरकून निघतो. हा फरक किती? समजा, दोन अंशांचा आहे. मीटरभर अंतरावर तो सुमारे ३५ मिलिमीटर होतो. पूलच्या चेंडूचा व्यास ५७ मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या चेंडूहून अधिक चूक! नेम अचूक, हात स्थिर, आणि तरीही चेंडू खिशाबाहेर.

असे का व्हावे? उजवीकडे आघात होताच चेंडू स्वतःभोवती फिरू लागतो, आणि त्याची आपल्याकडची बाजू उजवीकडे सरकते. टिप त्या क्षणी तिला चिकटलेली असते. तीही उजवीकडे ओढली जाते. आता न्यूटनचा नियम आठवा. चेंडूने टोकाला उजवीकडे ढकलले, तर टोकही चेंडूला डावीकडे ढकलणारच. टोक जितके जड, तितका हा उलटा धक्का मोठा.

येथे कोणी विचारील, काठी तर अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि चेंडू १७० ग्रॅमांच्या आत. मग चेंडू फार दूर का फेकला जात नाही? उत्तर वेळेत आहे. टिप आणि चेंडू ह्यांची भेट एखाददुसऱ्या सहस्रांश सेकंदाची. तेवढ्यात बाजूच्या हालचालीची लाट टोकापासून जेमतेम वीतभर मागे पोहोचते. मागच्या मुठीला ह्या व्यवहाराची वार्ताच नसते! बाजूच्या धक्क्याच्या हिशेबात मोजावे लागते ते ह्या वीतभर भागाचे वजन, आणि त्यातही अगदी टोकाकडचे. ते काही ग्रॅमच भरते.

हे कळल्यावर कारागिरांनी काय केले? अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात प्रेडेटर कंपनीने मेपलच्या लाकडाच्या फाका एकत्र चिकटवून, टोकाशी आतून पोकळ ठेवलेला शाफ्ट बाजारात आणला. 'आयर्न विली' नावाच्या यंत्रहाताने फटके मारून त्यांनी चाचण्या घेतल्या, कारण माणसाचा हात प्रत्येक वेळी तोच फटका मारीत नाही. टिपेमागची फेरूल नावाची टोपी आखूड व हलकी करणे, टोक बारीक करणे, हेही उपाय झाले. पुढे कार्बनच्या तंतूंचे शाफ्ट आले. ह्या सर्वांचे मर्म एकच: टोकाचे वजन कमी करा.

आता मुद्द्याची गोष्ट. असा शाफ्ट पुष्कळ महाग असतो, आणि विकणारा सांगतो, 'ह्याने फिरकी जास्त मिळते.' तरुण खेळाडू भुलतो, वडिलांच्या खिशाला भार पडतो. वस्तुस्थिती अशी की, चेंडूच्या वेगाच्या मानाने फिरकी किती मिळणार हे मुख्यतः मध्यापासून किती दूर मारले ह्यावर ठरते. त्रिज्येच्या निम्म्याच्या पलीकडे गेलात तर कोणत्याही काठीचे टोक घसरण्याचा धोका. हलक्या टोकाने चुकीची भरपाई कमी करावी लागते. फायदा खरा आहे. पण तो एवढाच आहे.

शिवाय दुसरी बाजू आहे. मागची मूठ थोडी उचलून मारले की फिरकीचा चेंडू जाताना उलट दिशेला वळतो. कोरिओलिस ह्या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ साली ह्या खेळावर ग्रंथ लिहून अशी वळणदार वाट गणिताने मांडली. हळू फटक्यात हे वळण आधीची चूक कधी भरून काढते, कधी तिच्याहूनही पुढे जाते. जुना खेळाडू आपल्या काठीच्या ह्या सर्व खोडी वर्षानुवर्षे हाताने शिकलेला असतो. त्याच्या हाती एकाएकी नवी काठी दिली, तर त्याची सवयीची भरपाईच त्याला चुकवील.

म्हणून माझी विनंती अशी. पैसे मोजण्यापूर्वी टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडच्या चेंडूवर सरळ नेम धरा, काठी शक्य तितकी आडवी ठेवा, आणि बाजूची फिरकी देऊन जोरात मारा. जोरात अशासाठी, की वळायला वेळ मिळू नये. दहा वेळा जुन्या काठीने, दहा वेळा नव्या काठीने. कोठे किती चुकले ते कागदावर टिपा, आणि मग ठरवा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा तो कागद अधिक विश्वासाचा.