हृदयाच्या लयीचा साधक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी केंद्र सरकारचा सेवक आणि साधा बी. ए. आहे. तरीही आज वैद्यकाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे; कारण आपल्या मंडळातील अनेक पालक मुलामुलींना डॉक्टर करण्यासाठी झटत आहेत.

हृदयाचे ठोके पडतात ते हृदयातच निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युत्‌संकेतांमुळे. खालच्या कप्प्यांची लय पूर्णपणे विस्कटली, तर काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. या लयीचा तज्ज्ञ होण्यासाठी आपल्या देशात आंतरवासितेसह एम. बी. बी. एस.ची ५॥ वर्षे, एम. डी.ची ३, हृदयरोगातील डी. एम.ची ३ आणि पुढे या शाखेच्या खास प्रशिक्षणाची एकदोन, अशी बारा-तेरा वर्षे वेचावी लागतात.

परंतु एवढ्याने शिक्षण पुरे होते काय? डॉ. मिशेल मिरोव्स्की यांचे चरित्र पाहा. १९२४ साली वॉर्सा येथे जन्मलेल्या या मुलाने १९३९ च्या जर्मन आक्रमणानंतर घर सोडले. कुटुंबातील इतर सर्व महायुद्धात बळी पडले. पुढे फ्रान्समधील लियाँ येथे, परक्या भाषेत, तो वैद्यक शिकला. इस्रायलमध्ये प्रा. हॅरी हेलर हे त्यांचे वरिष्ठ आणि गुरू. हेलर यांच्या हृदयाची लय वारंवार बिघडू लागली आणि एके दिवशी ते अकस्मात गेले. रुग्णाने जन्मभर रुग्णालयात राहावे हे अशक्य. मग विद्युत्‌धक्का देणारे यंत्रच त्याच्या शरीरात का बसवू नये? या प्रश्नाने मिरोव्स्कींना झपाटले.

१९६८ साली ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात आले. तेथे डॉ. मॉर्टन मोवर त्यांना सहकारी लाभले. १९७२ साली बर्नार्ड लाऊन यांच्यासारख्या थोर हृदयतज्ज्ञाने या कल्पनेवर जाहीर टीका केली. तरी काम थांबले नाही. ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एका स्त्रीच्या शरीरात असे यंत्र प्रथम बसविले गेले. १९८५ साली अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली आणि १९९० साली मिरोव्स्की निवर्तले. आज आपल्या देशातही हे यंत्र बसवितात.

पालकहो, प्रवेशपरीक्षेतील गुणांची चिंता अवश्य करा. पण मुलाच्या मनात एखादा प्रश्न घर करून बसला असेल, तर ‘हा अभ्यासक्रमात नाही’ असे म्हणून त्याला गप्प करू नका. पदवी उपजीविका देते. आयुष्यभर शिकवीत राहतो तो असा प्रश्नच.