भागीदारीचा कागद



कऱ्हाडास प्रीतिसंगमावर उभें राहिलें म्हणजे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतांना दिसतात, आणि पुढें एकाच नांवानें पूर्वेस वळतात. नद्यांच्या ह्या भागीदारीस करारनामा लागत नाहीं, कारण त्यांना हिशेब ठेवावयाचा नसतो. माणसांचें तसें नाहीं. तरी बाजारपेठेंत दोन मित्र किंवा साडूभाऊ दुकान थाटतात तेव्हां मुहूर्त, पूजा, पाटी सर्व यथासांग होतें. कागदाची गोष्ट निघाली कीं मात्र एकमेकांवर अविश्वास दाखविल्यासारखें वाटून ती पुढें ढकलली जाते. हा संकोच किती महाग पडतो, तेंच आज सांगावयाचें आहे.

आपल्याकडील भागीदारीचा कायदा १९३२ सालचा. नफा वांटून घेण्याच्या करारानें चालविलेला धंदा ती भागीदारी. करार तोंडी असला तरी चालतो. नोंदणी न केलेली पेढीही बेकायदा ठरत नाहीं. मग बिघडतें कोठें?

समजा, अशा पेढीनें शेतीचीं अवजारें उधारीवर दिलीं आणि घेणाऱ्यानें पैसे थकविले. पेढी न्यायालयांत गेली कीं कलम ६९ आडवें येतें. पेढीची नोंद नसेल आणि भागीदारांचीं नांवें नोंदवहींत नसतील, तर करारावर आधारलेला तिचा दावा चालत नाहीं. दावा लावल्यावर घाईनें नोंदणी केली तरी तो वांचत नाहीं. नवा दावा लावावा लागतो, आणि तेवढ्यांत मुदत टळली तर घेणें बुडालेंच! उलट त्याच पेढीवर दुसऱ्यानें दावा लावण्यास कसलीही आडकाठी नाहीं. पेढीच्या देण्यापायीं भागीदाराच्या खासगी मालमत्तेवरही जप्ती येऊं शकते.

भागीदारांच्या आपसांतील दाव्यांसही हीच अडचण आहे. पेढी विसर्जित करून हिशेब मागण्याची वाट तेवढी मूळ कायद्यानें उघडी ठेविली होती. महाराष्ट्रानें १९८४ च्या दुरुस्तीनें तीही बंद केली. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं ती तरतूद घटनाबाह्य ठरविली, तेव्हां ती पुन्हां खुली झाली. परंतु ही वाट म्हणजे घर मोडून आपला वांटा नेण्याची वाट होय.

आतां कृतीकडे वळूं. करारनाम्यांत भांडवल, नफ्यातोट्याचे वांटे, कामाचा मोबदला आणि बँकेंत सही कोणाची, हें स्पष्ट लिहावें. वांटे लिहिले नाहींत तर भांडवल कोणाचें कितीही असो, कायदा ते समसमान मानतो. तसेंच, कोणी बाहेर पडल्यास काय करावयाचें तेंही आधींच ठरवावें. प्रभात फिल्म कंपनी १९२९ सालीं कोल्हापुरांत पांच भागीदारांनीं काढली, १९३३ सालीं ती पुण्यास आली, मराठी बोलपटास तिनें मानाचें स्थान मिळवून दिलें. आणि तरीही १९४२ सालीं शांताराम तिच्यांतून बाहेर पडले. एका ध्येयानें जमलेलीं माणसेंही कधीं वेगळीं होतात.

करारनामा मुद्रांकपत्रावर लिहून नोटरीपुढें नेला कीं नोंदणी झाली, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. पेढीच्या नोंदणीसाठीं भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. त्यांत पेढीचें नांव, धंद्याचें मुख्य ठिकाण व शाखा, प्रत्येक भागीदाराचें पूर्ण नांव व कायमचा पत्ता, तो सामील झाल्याची तारीख आणि भागीदारीची मुदत लिहून सर्वांनीं सह्या करावयाच्या असतात. महाराष्ट्रांत हा अर्ज पेढी स्थापन झाल्यापासून एका वर्षाच्या आंत द्यावयाचा असतो. उशीर झाल्यास दंड पडतो. पुढें भागीदार आला किंवा गेला, तर तो बदलही नोंदवावा.

शेवटीं एक गोष्ट. करारांत वेगळें लिहिलेलें नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूनें पेढी विसर्जित होते. मग दुकानाच्या पायरीवर एकीकडे त्याची पत्नी व मुलें, दुसरीकडे हयात भागीदार, आणि मध्यें केवळ तोंडी बोललेले शब्द! मित्रामित्रांस कागदाची गरज कदाचित् वाटणार नाहीं; परंतु ज्यांनीं ती मैत्री जवळून पाहिलेली नाहीं, त्या वारसांस तोच एक आधार असतो. म्हणून पाटी रंगवावयास देण्यापूर्वीं कागद करावा, आणि त्याची नोंद करावी.