निऑन माशाची वीण आणि मृदू पाणी

काचपेटीत वर्षानुवर्षे सुखाने नांदणाऱ्या माशाची वीण एकदाही साधत नाही, हा अनुभव हौशी मत्स्यपालकांस नवा नाही. अन्न उत्तम, जोडी निरोगी. अंडीही पडतात, परंतु दिवसभरात ती पांढरी होऊन जातात. अशा वेळी दोष बहुधा माशाचा नसून पाण्याचा असतो. जे पाणी जगण्यास पुरते, ते जन्मास पुरतेच असे नाही.

निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा निऑन टेट्रा हा याचा ठळक दाखला होय. जॉर्ज मायर्स या शास्त्रज्ञाने १९३६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील अरण्यात वाहणारे ओढे हे त्याचे माहेर. तेथे पर्जन्य विपुल, जमिनीत चुना अल्प आणि पाण्यात पालापाचोळा सदैव कुजत असलेला. त्यामुळे ते पाणी अत्यंत मृदू व किंचित आम्ल असते. उलट, दख्खनमधील पुष्कळ विहिरींचे पाणी जड. त्यात साबणास फेस येत नाही व डाळ लवकर शिजत नाही. त्या पाण्यातील चुन्याच्या आधिक्याने निऑनच्या अंड्यांचे फलन व वाढ बिघडते.

पाण्याचा जडपणा जर्मन अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे लिटरात १० मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइडाइतका क्षार. निऑनच्या विणीसाठी एक-दोन अंश पुरेत. आम्लतेच्या पीएच मापात ७ हा आकडा उदासीन पाण्याचा. या माशास साडेपाच ते सहा मानवतो. ७ वरून ६ वर येणे म्हणजे आम्लता दहापट होणे, हे ध्यानात असावे.

नवशिके येथेच फसतात. ते जड पाण्यात थोडे आम्ल ओततात. आकडा उतरतो, परंतु पाण्यातील बायकार्बोनेट ते आम्ल गिळून टाकतात व आकडा पुन्हा चढतो. आणखी आम्ल ओतता ओतता बायकार्बोनेट संपले, की तोच आकडा एकाएकी कोसळतो आणि मासे दगावतात. शिवाय एवढे करूनही चुना जागच्या जागीच राहतो. म्हणून आधी क्षार कमी करावयाचे, आम्लतेकडे मागाहून पाहावयाचे, हाच क्रम योग्य.

त्यासाठी पावसाचे पाणी सर्वांत सोपे. पहिल्या सरी वाहून जाऊ द्याव्यात आणि नंतरचे पाणी पत्र्याचा स्पर्श न होऊ देता धरावे. सोळा अंशांच्या एक भाग पाण्यात असे सात भाग पाणी मिसळले, की मिश्रण सुमारे दोन अंशांवर येते. त्यात देशी बदामाची वाळलेली स्वच्छ पाने भिजत घातली, की पाणी चहासारखे पिंगट होऊन हळूहळू आम्ल होते. मात्र इतक्या मृदू पाण्यास स्वतःचा तोल नसतो. म्हणून त्याचे माप वारंवार घ्यावे आणि जोडीस त्याची सवय सावकाश लावावी.

अंडी पडताच जोडी दुसरीकडे हलवावी, नाहीतर ती स्वतःचीच अंडी खाते. या अंड्यांस प्रकाश सोसत नाही. म्हणून पेटी झाकून ठेवावी. सुमारे एका दिवसात पिल्ले बाहेर येतात व पाचव्या दिवसाच्या सुमारास पोहू लागतात. पुढे काही आठवड्यांत घरचे पाणी थोडे थोडे मिसळीत गेले, म्हणजे तीच पिल्ले मोठेपणी बऱ्याच जड पाण्यातही तग धरतात. मृदू पाण्याची खरी निकड असते ती विणीच्या त्या थोड्या दिवसांपुरती. तेवढी सांभाळली, की निम्मे काम झाले.