मनाचं दुखणं झाकू नका



ताप आला की आपण दवाखाना गाठतो. पण घरातलं माणूस झोपेना, जेवेना, बोलेना, की दार लावून घेतो. लोक काय म्हणतील? आमच्या वस्तीत एका तरुणाचे हाल आम्हा सर्वांना ठाऊक होते. विचारायला मात्र कोणीच गेलं नाही. ती खंत आम्हाला आजही आहे.

हे काम एकट्या मंडळाचे नाही. महिला मंडळाने घरोघरी विचारपूस करावी, आशाताईंनी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी, तरुणांनी रुग्णासोबत जावे आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सुटणार नाहीत हे पाहावे. दारूचा प्रश्न असेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत, मराठीतून बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा आपला हक्क ठरवला आहे. मग हक्क मागायला लाज कसली?

आज घरी जाताना, ज्याचं दार बरेच दिवस बंद दिसतंय, तिथे आधी थांबा. एवढीच आमची विनंती. जयभीम!