कार्ड रिकामं नाही, थोडं थांबा!

भाकऱ्या झाल्या, भांडी झाली, आता घडीभर टेकला असाल. आज आम्ही गटातल्या चौघीजणी मिळून बोलणार आहोत. विषय ऐकून हसाल. मेमरी कार्ड, म्हणजे आपण जिला चिप म्हणतो ती, आणि ती संगणकाला लावायचा कार्ड रीडर. म्हणाल, यात एवढं सांगण्यासारखं काय? पण या नखाएवढ्या वस्तूपायी आमच्या गावच्या एका आजींचा आवाज कायमचा पुसला जाता जाता राहिला. म्हणून सांगतोय.

आमच्या गटाकडे एक जुना संगणक आहे. वापरून वापरून सुस्तावलेला. त्यावर 2018 सालचं उबुंटू घातलेलं आहे. उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार. पैसे पडत नाहीत आणि आमचं रेकॉर्डिंग कापायचं, जोडायचं काम त्यावर नीट होतं.

तर आम्ही आजींच्या जात्यावरच्या ओव्या भरून घ्यायला गेलो. आजींचं वय ऐंशीच्या पुढं. जातं कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. ते पुसून मांडलं, ओंजळभर ज्वारी घेतली. नुसतं म्हणा म्हटलं तर आजींना जमेना. "खुंट्याला हात लागल्याबिगर ओवी येत नाही गं," म्हणाल्या. जातं फिरायला लागलं आणि मग जे सुरू झालं ते दोन तास. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या, कुठल्या कुठल्या ओव्या.

महाराष्ट्रातल्या बायांच्या ओव्या जमवायचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या बायांनी केलं. एक लाखाच्या वर ओव्या त्यांनी लिहून ठेवल्या. पण प्रत्यक्ष आवाज राहिला तो त्यातल्या थोड्यांचाच. शब्द कागदावर राहतात, पण चाल, श्वास, जात्याची घरघर कागदावर येत नाही. ती त्या चिपवर होती.

केंद्रावर आलो. चिप रीडरमध्ये घातली, रीडर संगणकाला लावला. एक इंग्रजी चौकट आली, ती आम्ही न वाचताच बंद केली. चिप काही उघडेना. मग कुणीतरी म्हणालं, मोबाईलमध्ये घालून बघू. जुना मोबाईल होता. त्यानं सांगितलं, कार्ड रिकामं आहे, फॉरमॅट करायचं का? ओळखीच्या एका मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "फॉरमॅट मारा, सरळ होईल. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं." आमच्यातलीचं बोट बटणावर गेलंसुद्धा. तेवढ्यात दुसरीनं हात धरला. म्हणाली, "रिकामं कसं असेल? आजी दोन तास गात होत्या की!"

मैत्रिणींनो, तिचं ते वाक्य आम्ही केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवलंय. कारण यंत्र जेव्हा 'रिकामं' म्हणतं, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की 'मला वाचता येत नाही'. आपल्याला कानडी वाचता येत नाही म्हणून कानडी पुस्तक कोरं असतं का? आणि फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून नव्यानं आखणं. आखणी नवी, पण आधीचं गेलं.

मग आम्ही काय केलं? सगळ्यात आधी चिप परत रेकॉर्डरमध्ये घातली. जिथं भरलं, तिथंच वाजवून बघितलं. आजींचा आवाज खणखणीत आला! म्हणजे चिप शाबूत, ओव्या शाबूत. अडलंय ते दुसरीकडं. ही पहिली युक्ती लक्षात ठेवा, तिला पैसा लागत नाही.

पुढचं शोधायला आम्ही एक रीत बसवली. पाहुण्याची रीत म्हणा. पाहुणा घरी पोचला नाही तर आपण काय विचारतो? वेशीपर्यंत आला का? दारापर्यंत आला का? आणि आला असेल तर त्याची भाषा घरात कळते का? तसेच तीन प्रश्न इथं.

पहिला प्रश्न, वेशीचा. संगणकाला रीडर दिसला का?

आधी डोळ्यांनी बघा. रीडरचा दिवा लागतो का? समोरच्या यूएसबीत लावला असेल तर सीपीयूच्या मागच्या बाजूला थेट लावून बघा. एकाच वायरीला चार पिना लावायचा डबा असतो ना, त्यातून लावू नका. तिथं वीज वाटली जाते आणि रीडरला पुरत नाही. रीडरला वायर असेल तर वायर बदला. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, माहिती जात नाही. चिपेची सोनेरी बाजू कोरड्या सुती कापडानं हलकेच पुसा. तोंडानं फुंकू नका, फुंकरीबरोबर ओल जाते.

एवढं करून कळलं नाही तर संगणकालाच विचारायचं. कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाबली की काळी किंवा जांभळी खिडकी उघडते. तिला टर्मिनल म्हणतात. घाबरू नका, तिथं फक्त विचारलं तर काही बिघडत नाही. रीडर काढून ठेवा आणि इंग्रजी लहान लिपीत पाच अक्षरं सलग लिहा: एल, एस, यू, एस, बी. एंटर दाबा. यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी येईल. ओळी मोजा. आता रीडर लावा, पुन्हा तीच अक्षरं, पुन्हा मोजा. एक ओळ वाढली? मग रीडर वेशीत आला. नाही वाढली? मग दोष रीडरचा, वायरीचा किंवा त्या भोकाचा. चिपेला बोल लावू नका.

दुसरा प्रश्न, दाराचा. रीडरला चिप दिसली का?

रीडर आला म्हणजे चिप आलीच असं नाही. आता ही पाच अक्षरं लिहा: एल, एस, बी, एल, के. संगणकाला जोडलेल्या साठवणीच्या जागांची यादी येईल. उबुंटूमध्ये 'लूप' नावाच्या बऱ्याच ओळी दिसतात, त्या सोडून द्या. 'एसडीए' ही बहुधा संगणकाची स्वतःची डिस्क. चिप घातल्यावर 'एसडीबी' अशी नवी ओळ दिसली आणि तिच्यापुढं आकडा आला, तर चिप दारात उभी आहे. 32 जीबीच्या चिपेपुढं 29 आणि काही, असा आकडा दिसेल. कुणी चोरलं नाही, मोजायचं माप वेगळं असतं, शेर आणि किलोसारखं.

नवी ओळच नाही आली किंवा पुढं शून्य आलं, तर चिप काढून पुन्हा नीट बसवा. छोटी चिप मोठ्या खोळीत, म्हणजे अडॅप्टरमध्ये, घालून लावत असाल तर खोळ बदलून बघा. आमच्या अनुभवात खोळच जास्त वेळा दगा देते. आणि रीडर फार जुना असेल तर तोही अडतो. अगदी पहिली एसडी कार्डं 2 जीबीपर्यंतची. 2006 साली 32 जीबीपर्यंतची एसडीएचसी जात आली, 2009 साली त्याहून मोठी एसडीएक्ससी. जुन्या रीडरला या नव्या जाती ओळखता येतातच असं नाही. कार्डावर बारीक अक्षरांत 'एचसी' किंवा 'एक्ससी' लिहिलेलं असतं, ते बघून घ्या.

तिसरा प्रश्न, भाषेचा. आमचं घोडं इथंच अडलं होतं.

आमची जुनी 16 जीबीची चिप त्याच रीडरमध्ये, त्याच संगणकावर लगेच उघडायची. नवी 64 जीबीची उघडेना. यादीत आकडा मात्र बरोबर दिसत होता. मग ती इंग्रजी चौकट पुन्हा येऊ दिली आणि या खेपेला वाचली. धाकटीनं एकेक शब्द लावून सांगितलं: 'फाइल सिस्टीमचा अनोळखी प्रकार, एक्सफॅट'.

फाइल सिस्टीम म्हणजे चिपेवर माहिती मांडायची पद्धत. फडताळ लावल्यासारखी. 32 जीबीपर्यंतच्या कार्डांवर साधारणपणे फॅट पद्धत असते, त्याहून मोठ्यांवर एक्सफॅट. लिनक्सच्या गाभ्यात एक्सफॅटची ओळख आली ती 5.4 या आवृत्तीत, 2019 च्या नोव्हेंबरात. आमचं उबुंटू 2018 सालचं. त्याला ही भाषा शिकवलेलीच नव्हती! त्या जुन्या मोबाईललाही येत नव्हती, म्हणून तो बिचारा 'रिकामं' म्हणाला.

उपाय एका ओळीचा निघाला. मोबाईलवरून इंटरनेट जोडलं आणि टर्मिनलमध्ये लिहिलं: एस-यू-डी-ओ, जागा सोडून ए-पी-टी, जागा सोडून इन्स्टॉल, जागा सोडून एक्सफॅट, मधे आडवी रेघ, फ्यूज. एक्सफॅटचं स्पेलिंग ई-एक्स-एफ-ए-टी आणि फ्यूजचं एफ-यू-एस-ई. पासवर्ड मागितला. लिहिताना अक्षरं दिसत नाहीत, ठिपकेही नाहीत. आम्ही दहा मिनिटं समजत होतो की कीबोर्ड बिघडला! तसं नसतं. न दिसता लिहायचा आणि एंटर दाबायचा. दोन-तीन मिनिटांत काम झालं. चिप काढून पुन्हा लावली. उघडली! तुमचा लिनक्स नवा असेल तर एवढंही करावं लागत नाही.

आता दोन अडचणी आणखी सांगतो, कारण त्याही येतात.

एक, चिप उघडते पण तिच्यावर काही लिहिता येत नाही, पुसता येत नाही. खोळीच्या कडेला एक बारीक सरकती कळ असते. तिच्याजवळ 'लॉक' लिहिलेलं असतं. ती खाली सरकली असेल तर संगणक फक्त वाचतो. कळ वर केली की झालं. पण खरं सांगायचं तर मोलाचं रेकॉर्डिंग उतरवताना आम्ही ती कळ मुद्दाम लॉकवर ठेवतो. चुकून हात लागला तरी बहुतेक रीडर पुसू देत नाहीत.

दुसरी अडचण मोठी. चिप दिसते, पण फाइल निम्म्यात अडते, संगणक ताटकळतो. अशा वेळी एस-यू-डी-ओ, जागा सोडून डी-एम-ई-एस-जी असं लिहा. संगणकाची रोजनिशी उघडते. तिच्या शेवटच्या ओळींत 'आय-ओ एरर' असे शब्द वारंवार आले, तर चिप झिजली किंवा दुखावली असण्याचा संभव आहे, रीडर आणि वायरही एकदा बदलून बघा. तरीही तेच आलं तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. तिच्यावर नवं काही भरू नका. जाणत्या माणसाकडे द्या आणि ठणकावून सांगा की आधी डीडीरेस्क्यूनं संपूर्ण नक्कल काढा, मग काय ते नकलेवर करा. चुकून पुसलेल्या फाइली शोधायला फोटोरेक नावाचं साधन आहे. नाव फोटोचं असलं तरी आवाजाच्या फाइलीही शोधतं, आणि तेही फुकट आहे. पण पुसलेल्या जागेवर दुसरं काही भरलं गेलं नसेल तरच हाती लागतं.

शेवटी आमचे घरचे नियम. चिप उपटून काढायची नाही. पडद्यावर आधी 'इजेक्ट' करायचं, रीडरचा दिवा शांत झाला की मगच हात लावायचा. नक्कल झाली असं दिसलं तरी आत लिहिणं चालू असू शकतं. दुसरा नियम, दोन ठिकाणी नक्कल होऊन ती वाजवून ऐकल्याशिवाय चिप पुसायची नाही. तिसरा, पाकिटावर गाव, तारीख आणि कुणाचा आवाज ते लिहायचं. चौथा, 'फॉरमॅट करू का' असं कुणीही विचारलं, यंत्रानं विचारलं किंवा माणसानं, तर उत्तर एकच: थांबा.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही आजींच्या घरी जाऊन त्यांचाच आवाज त्यांना ऐकवला. दाराशी शेजारणी जमल्या. आजी ऐकत होत्या आणि हात नकळत गोल फिरत होता. मधेच म्हणाल्या, "ही ओवी माझ्या आईची. परत म्हणायला सांगाल तर आता यायची नाही."

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात असा एखादा आवाज असेल. तो भरून घ्या. नीट उतरवून ठेवा. आणि चिप उघडली नाही तर घाबरून बटण दाबू नका. पाहुणा वेशीत आहे, दारात आहे, की नुसती भाषा कळत नाही, एवढं विचारा. अडलंच तर केंद्रावर या, चिप घेऊन या, आपण मिळून बघू.

येतो आम्ही. नमस्कार!