वकीलबाई न्यायाधीश कशा झाल्या



आज आम्ही तुम्हांला एका वकीलबाईंची हकीकत सांगणार आहोत. त्यांचे नाव फ्लॉरेन्स अ‍ॅलन. देश अमेरिका, आपल्यापासून हजारो कोस लांब. पण हकीकत ऐकाल तर म्हणाल, ही आपल्याही कामाची आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे न्यायाधीश नेमले जातात. ते कुणाच्या दारी मत मागायला येत नाहीत. मत मागतो सरपंच, मत मागतो आमदार. अमेरिकेत पुष्कळ राज्यांत तसे नाही. तिथे जिल्ह्याच्या कोर्टाचा न्यायाधीशसुद्धा लोक मते देऊन निवडतात. ओहायो हे असेच एक राज्य. त्या राज्यात क्लीव्हलंड नावाचे मोठे शहर आहे. 1920 साली तिथे सुमारे आठ लाख वस्ती होती.

अ‍ॅलनबाईंचा जन्म 1884 सालचा. वडील शिकलेले. त्यांनी मुलीला लहानपणापासून शिकवले. पण मुलीला वेड होते पियानोचे. पियानो म्हणजे आपल्या पेटीसारख्या पट्ट्या असलेले मोठे वाद्य. त्यासाठी ती जर्मनीत बर्लिनला जाऊन राहिली. तिथे तिची नस दुखावली. मोठी वादक होण्याची आशा संपली.

आता काय करायचं? रडत बसायचं? बाई परत क्लीव्हलंडला आल्या. तिथल्या एका वर्तमानपत्रात गाण्याबजावण्याविषयी लिहू लागल्या. पुढे त्यांनी कायदा शिकायचे ठरवले. त्या काळी काही कॉलेजे कायद्याच्या वर्गात बाईला घेतच नसत. बाई आधी शिकागोला शिकल्या, मग न्यूयॉर्कला. शिकता शिकता नोकरीही केली. परदेशातून आलेल्या गोरगरिबांना मदत करणारी एक संस्था होती, तिचे काम त्या करीत. 1913 साली त्या कायद्याची परीक्षा पास झाल्या. 1914 साली त्यांना वकिलीची सनद मिळाली.

सनद मिळाली, पण काम कोण देणार? कुणी वकील बाईमाणसाला हाताखाली घेईना. तेव्हा त्यांनी स्वतःचेच ऑफिस उघडले. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही, अशांचे खटलेही त्या चालवीत.

आता मताची गोष्ट ऐका. ओहायोत तेव्हा बायकांना शाळामंडळाच्या निवडणुकीपुरतेच मत होते. बाकीच्या निवडणुकांत नाही. 1912 साली बायकांना मत द्यावे की नाही, यावर राज्यात मतदान झाले. मतदान करणार कोण? पुरुषच! बाई राज्यभर हिंडल्या, सभांतून बोलल्या. तरी हार झाली. 1914 साली पुन्हा हार झाली.

क्लीव्हलंडला लागून ईस्ट क्लीव्हलंड नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या लोकांनी 1916 साली आपल्यापुरता ठराव केला, की आमच्या गावच्या निवडणुकीत बायकाही मत देतील. हे कायद्यात बसते का, असा वाद निघाला. तो राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टात गेला. तिथे अ‍ॅलनबाई बायकांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि 1917 साली जिंकल्या. दोन वेळा सभांतून हरल्या होत्या, ते एका गावापुरते का होईना, कोर्टातून मिळवले.

1919 साली त्यांना सरकारी वकिलाच्या कचेरीत नेमले. पुढच्याच वर्षी, 1920 च्या ऑगस्टमध्ये, साऱ्या देशासाठी कायदा झाला, की बाई म्हणून कुणाचे मत नाकारायचे नाही. नोव्हेंबरात निवडणूक होती. बाईंनी ठरवले, आपण न्यायाधीशाच्या जागेसाठी उभे राहायचे.

पण वेळ उरला नव्हता. पक्षांच्या उमेदवारांची निवड आधीच झाली होती. मग एकच वाट होती. या बाईंना उभे राहू द्या, असा अर्ज करायचा आणि त्यावर मतदारांच्या पुष्कळ सह्या आणायच्या. मताच्या लढ्यात बाईंबरोबर काम केलेल्या बायका कागद घेऊन निघाल्या. बघता बघता सह्या जमल्या. अर्ज मंजूर झाला. नोव्हेंबरात मतदान झाले आणि अ‍ॅलनबाई निवडून आल्या. अशा कोर्टावर लोकांनी निवडून दिलेली अमेरिकेतली ती पहिली बाई.

बाई कोर्टात आल्या. सोबतच्या न्यायाधीशांना वाटले, यांच्याकडे नवराबायकोच्या काडीमोडीचे खटले द्यावेत. बाईमाणसाला तेच बरे. बाईंनी ते मानले नाही. त्या म्हणाल्या, की माझे लग्न झालेले नाही. तुम्ही सगळे लग्न झालेले, तेव्हा ते खटले तुम्हालाच जास्त कळतील! मग त्यांच्यापुढे खुनाचे, मारामारीचे सगळे खटले चालले. 1921 साली शहरातल्याच एका न्यायाधीशावर खोटी साक्ष दिल्याचा खटला त्यांच्यापुढे आला. तो दोषी ठरला. बाईंनी त्यालाही तुरुंगाची शिक्षा दिली. न्यायाधीश म्हणून सोडले नाही.

1922 साली लोकांनी त्यांना राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टावर निवडून दिले. 1934 साली त्या देशाच्या मोठ्या अपील कोर्टावर गेल्या. 1966 साली त्या वारल्या.

मंडळी, ही हकीकत आम्ही तुम्हांला का सांगितली? बाई हुशार होत्या, शिकलेल्या होत्या, हे खरेच. पण त्या दिवशी कागदावर सह्या पडल्या नसत्या, तर त्यांचे नाव मतपत्रिकेवर आलेच नसते.

आपल्या राज्यघटनेने 1950 साली बाईला आणि पुरुषाला एकदमच मत दिले. त्यासाठी ईस्ट क्लीव्हलंडसारखे कोर्टात जावे लागले नाही. आणि आता तुम्ही सही करायला शिकलात. काल अंगठा उठवताना कागदात काय आहे, ते दुसऱ्याने सांगायचं आणि आपण मान हलवायची. आज तुम्हांला वाचता येतं. तेव्हा पुढे कागद आला, की आधी तो वाचा. पटला तर सही करा. नाही पटला, तर परत द्या. बाईंनो, हे तुम्हांलाही सांगतो. घरचा माणूस म्हणतो म्हणून सही करू नका, मतही देऊ नका. आधी स्वतः वाचा, मग ठरवा.